खेकड्याच्या नावाची एक मूठ

जळगावात राहून समुद्राच्या पाण्यावर पोट भरते म्हटलं, की लोकांना वाटतं मी सुकट-बोंबील विकते. मग मी सांगते, की मी खाऱ्या पाण्याचे टँक लावते आणि सांभाळते. त्यावर त्यांचा चेहरा असा होतो, की सुकट-बोंबीलच बरं होतं.

पिंप्राळ्यात माझं दुकान आहे. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब, म्हणून आम्ही तो घरीच करतो. नळाचं पाणी मशीनमधून काढून अगदी कोरं करायचं, त्यात पाकिटातलं समुद्राचं मीठ मोजून विरघळवायचं, काचेच्या पेटीत भरायचं आणि मग जन्मभर त्या पाण्याची नाडी बघत बसायचं. वैशाखात आमच्याकडे माणसं ओला पंचा डोक्यावर घेऊन दिवस काढतात, पण माझ्या गिऱ्हाइकांच्या माशांना पाणी गार ठेवणारं यंत्र असतं. वीज गेली की घरातल्या म्हाताऱ्यांची चौकशी नंतर. आधी मला फोन.

या टँकमध्ये जे दगड घालतात त्यांना आमच्या धंद्यात जिवंत दगड म्हणतात. दगड कसला जिवंत? त्याच्या भोकाभोकांत राहणारे जीव जिवंत असतात आणि तेच पाणी साफ ठेवतात. परदेशात मुद्दाम वाढवलेले हे दगड कागदपत्रांसकट मुंबईच्या व्यापाऱ्याकडे येतात आणि तिथून माझ्याकडे. आपल्या किनाऱ्यावरचं पोवळं किंवा असा दगड उचलायला कायद्याने बंदी आहे, हे मी दर महिन्याला कुणाला तरी नव्याने सांगते. एक गृहस्थ म्हणाले, "ताई, आम्ही द्वारकेला चाललोच आहोत. येताना पोतंभर आणतो ना!" मी म्हटलं, "आणा. फक्त जायच्या आधी तुरुंगात डबा कोण पोचवणार तेवढं ठरवून जा." ते गेले आणि पेढे घेऊन आले.

तर या दगडांच्या भोकांतून तिकीट न काढता आलेले प्रवासी निघतात. किडे, गोगलगायी, शेवाळ आणि खेकडे. किड्याला कोणी घाबरत नाही. खेकडा दिसला की मात्र घराघरांत हलकल्लोळ. मग माझ्या मोबाइलवर फोटो येतात. फोटोत अंधार असतो, अंधारात एक ठिपका असतो आणि खाली लिहिलेलं असतं, "ताई हा कोण?" जणू मी त्याच्या सोयरिकीतली. एकाने कोळ्याचा फोटो पाठवला होता, घराच्या भिंतीवरच्या. एकीने विचारलं, "याचा रस्सा होईल का?" खेकडा करंगळीच्या नखाएवढा होता. मी लिहिलं, "होईल. पाहुणे मुंग्या असतील तर."

खेकड्यांत गुंड असतात, हे खरं. काळ्या टोकांच्या नांग्या, अंगभर केस, दिवसा दगडात आणि दिवे गेल्यावर बाहेर. असा निघाला तर तो माशांना आणि पोवळ्याला सोडत नाही, त्याला काढावाच लागतो. पण त्याच दगडातून एक दुसराही निघतो. चपटा, गोल, बटणासारखा. त्याच्या नांग्या मोठ्या पण पोळपाटासारख्या सपाट, भांडणाच्या कामाच्या नाहीतच. कोणी पकडला तर नांगी तिथेच टाकून पळतो, इतका नाजूक. म्हणून त्याला चिनीमातीचा खेकडा म्हणतात. हा शिकार करत नाही. तोंडापाशी दोन केसाळ पंखे असतात, ते आळीपाळीने उघडतो, पाण्यातून फिरवतो, मिटतो आणि अडकलेले कण चाटून घेतो. बाई चाळणीने पीठ चाळते तसं हा पाणी चाळतो. दिवसभर हेच. माझ्या ओळखीतल्या फार कमी पुरुषांना इतका निरुपद्रवी उद्योग आहे.

ओळखायचा कसा, तर पाय मोजायचे. खऱ्या खेकड्याला नांग्या सोडून आठ पाय दिसतात, याला सहाच. चौथी जोडी असते, पण काडीसारखी बारीक, पाठीमागे दुमडून ठेवलेली. शिवाय याच्या मिशा लांब, डोळ्यांच्या बाहेरच्या बाजूने निघालेल्या. एवढीच विद्या आहे. सहा का आठ. बालवाडीतलं पोर करील असं काम, आणि ते मला सुरुवातीला जमलं नव्हतं.

ती गोष्ट वरणगावच्या काकांची. निवृत्त फोरमन, घरात प्रत्येक वस्तूला नंबर. टँकची वही ठेवायचे, त्यात पाण्याचं तापमान दिवसातून तीनदा. धंद्यात मी नवीन होते आणि नवीन माणसाला असतो तेवढा आत्मविश्वास माझ्याकडे भरपूर होता. एके दिवशी काकांनी वहीतलं पान फाडून पाठवलं. खेकड्याचं चित्र, वरून आणि बाजूने, मापांसकट. खाली लिहिलेलं, "पाय सहा. नांग्या दोन. मिशा लांब. कृपया अभिप्राय द्यावा."

मी अभिप्राय दिला. "काका, दोन पाय तुटले असतील. खेकडा म्हणजे खेकडा. काढायचाच."

"पण बाई, दोन्ही बाजूंचा एकेकच तुटला? तोही शेवटचाच?"

"होतं असं."

असं काही होत नाही. मी वरणगावला गेले, दगड बादलीत घेतला, भोकात सुईने गरम पाणी सोडलं. पाच मिनिटांत काम झालं. काकांनी वहीत नोंद केली, मला चहा पाजला. घरी येऊन मी तो मेलेला खेकडा पांढऱ्या बशीत भिंगाखाली धरला, उगाच, नमुना म्हणून. तोंडापाशी दोन पंखे होते. पाठीमागे दुमडलेली बारीक पायांची जोडी होती, शाबूत. काकांनी मोजलं होतं ते बरोबर होतं आणि मी शिकलेली होते.

मी काकांना सांगितलं नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होते. खरं कारण असं, की एका दगडावरून माझं दुकान बुडालं असतं. काका अजून माझे गिऱ्हाईक आहेत. त्यांच्या वहीत त्या दिवशीच्या रकान्यात "उपद्रवी खेकडा, काढला" असं अजून लिहिलेलं आहे. तेव्हापासून मी पाय मोजल्याशिवाय तोंड उघडत नाही. लग्नात नवऱ्या मुलाचेही मोजते, असं माझी बहीण म्हणते.

आता ज्या घरासाठी हे लिहायला बसले, तिकडे येते.

धुळ्याच्या बाजूला पांझरेकाठी एक गाव आहे. तिथे कापसाची शेती असलेलं मोठं कुटुंब, नवीन बंगला, हॉलमध्ये सोफे असे मांडलेले की पंचायत भरावी. घराचे कर्ते नाना, त्यांच्या पत्नीला सगळं गाव अक्का म्हणतं. त्यांची सून सोनल. टँक सोनलचा. लग्न होऊन ती त्या घरात आली तेव्हा तिने फ्रीज मागितला नाही, टँक मागितला. नाना म्हणाले, "ठेव. हॉलची शोभा." घरातली प्रत्येक वस्तू कोणाची ना कोणाची आधीपासून होती. हा एक टँक तेवढा तिचा. ती पाण्याचा खारटपणा रोज बघायची आणि मला कळवायची. इतकी चोख, की कधीकधी मी तिचा मेसेज बघून माझे इतर टँक तपासायची.

ज्येष्ठात तिचा फोटो आला. स्वच्छ, उजेडात काढलेला, शेजारी मोजपट्टी धरलेली. असं गिऱ्हाईक मिळायला पुण्य लागतं. खाली लिहिलेलं, "ताई, पाय सहा मोजले. पंख्यासारखं काहीतरी हलवतो. राहू देऊ?"

मी लिहिलं, "राहू दे. कुणाच्या अध्यात ना मध्यात असणारा प्राणी आहे. घरात असा एकतरी असावा."

माझा हा मेसेज तिने सगळ्या घराला वाचून दाखवला. तो पुढे तिच्याच अंगावर आला.

श्रावणातल्या एका शुक्रवारी तिचा फोन. आवाज खालचा. "ताई, मंगळवारपासून तीन मासे गेले. आज सकाळी गेला त्याच्या अंगावर खेकडा बसलेला होता. सासऱ्यांनी बघितलं."

"बसलेला म्हणजे खात होता?"

"पंखे हलवत होता. पण नाना म्हणतात रंगेहाथ सापडला."

मयताला जो बसलेला दिसेल तो खुनी ठरवायचा, तर खान्देशात कोणी सुतकाला जाणार नाही. पण नाना ऐकणाऱ्यांतले नव्हते. निकाल लागलाही होता. रविवारी खेकडा पांझरेत सोडायचा आणि सोमवारी टँक रिकामा करून पाहुण्यांकडे धाडायचा, त्यांच्या गोठ्यात ढेप भिजवायला टाकी हवीच होती. खाऱ्या पाण्याचा जीव गोड्या नदीत सोडणं म्हणजे त्याला मोकळं करणं, हा एक थोर समज आहे. पांझरेत तो काही मिनिटं मोकळा राहिला असता.

"मी त्यांना म्हटलं, जळगावच्या ताईंनी खात्री दिली होती," सोनल म्हणाली. "तर नाना म्हणाले, मग ताईंनाही बोलवा. त्यांच्या देखत काढू."

मी निघाले. रस्त्यात मला एकच गोष्ट सतावत होती, आणि ती सोनलचा टँक नव्हती. वरणगावला मी निरपराध मारला होता. इथे उलटं झालं असेल तर? फोटोतला सहा पायांचा साधूच, पण त्याच दगडात दुसरा एखादा आठ पायांचा लपलेला असेल तर? एका पोरीने माझ्या शब्दावर सगळ्या घरात मान वर केली होती.

हॉलमध्ये नाना सोफ्यावर, अक्का खाली चटईवर शेंगा सोलत, सोनल भिंतीला टेकून. टँकमध्ये तीन मासे शिल्लक, तेही वरच्या बाजूला येऊन धापा टाकत.

नाना शहरी मराठीत म्हणाले, "या ताई. तुमचा पाहुणा बघा. तीन मुडदे पाडले त्याने."

"चौकशी तर करू द्या, नाना."

"चौकशी झाली. मी स्वतः पाहिला ना बसलेला."

मी आधी पाय मोजले. सहा. पुन्हा मोजले, नानांना दाखवत. मग सोनलला जाड चादर आणायला सांगितली. टँक चादरीने झाकला आणि लाल काच लावलेली बॅटरी घेऊन मी आत डोकं घातलं. अंधार झाला की लपलेले गुंड बाहेर येतात आणि लाल उजेड त्यांना कळत नाही. मागून अक्कांचा आवाज आला.

"काय वं बाई, भूत काढस का?"

"भूत असेल तर काढते, अक्का."

"मंग त्यासनं बी भूत काढ." अक्कांनी टोला मारला, तो नानांकडे बघून मारला असावा, कारण नाना खाकरले.

अर्धा तास मी चादरीखाली होते, घामाने भिजून. दुसरा खेकडा निघाला नाही. पण पहिल्याचं वागणं मला खटकलं. एरवी आळीपाळीने चालणारे पंखे हा प्राणी पाण्यात खूप काही तरंगत असेल तेव्हाच इतक्या घाईने फिरवतो. सोनल मोजून खाऊ घालणारी, दिवसातून एकदा. मग भर दुपारी हा दोन्ही पंखे घेऊन असा काय सुटला होता, जेवणावळीत शेवटच्या पंगतीला बसल्यासारखा? इतकं खायला आलं कुठून?

मी चादर काढली. पाण्यातली घाण फेसावाटे बाहेर काढणारं एक यंत्र टँकच्या मागे असतं. ते चालू होतं, पण फेस धरत नव्हतं. पाण्यात तेलतूप पडलं की फेस मरतो, हे ज्या बाईने तेलकट भांडी घासली आहेत तिला सांगायला नको. पाण्यावर तवंग होता. पाण्यात अन्न कुजलं की अमोनिया सुटतो आणि माशांना तोच विष होतो; त्याची नळी तपासली, रंग पिवळा राहायला हवा तो हिरवागार. दगडामागे चिमटा घातला आणि एक कण बाहेर काढला. बोटांत चुरडला. गहू. वास घेतला. साजूक तूप.

मंगळवार, असं मी मनात म्हटलं. श्रावणातला मंगळवार. आदल्या दिवशी सोमवार, आणि दारावर तोरण अजून होतं.

"नाना, घरात कानबाई बसली होती का?"

"दरवर्षी बसते. रविवारी मांडली, सोमवारी वाजतगाजत नदीवर नेली. का?"

आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. कानबाई ही खान्देशातली घरची देवी. तिचे रोट करतात, गव्हाच्या पिठाचे. त्या घरात घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाची एकेक मूठ गहू मोजून घेतात आणि त्याचे रोट करतात. हे रोट फक्त घरच्यांनी आणि भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्या माणसाला तुकडा देत नाहीत आणि टाकूनही देत नाहीत. देवी नदीवर गेल्यावरही घरात रोट उरतातच, ते दिवसेंदिवस पुरवून संपवायचे असतात.

मी कण तळहातावर ठेवून पुढे केला. "हा रोटाचा तुकडा आहे. टँकमध्ये कोण टाकतं?"

मी सोनलकडे पाहिलं. ती फरशी बघत होती. ज्याला काहीच माहीत नाही तो असा फरशी बघत नाही.

"मीच दिधा," अक्का म्हणाल्या. शेंगा सोलणं थांबलं नव्हतं. "रोज सकायले चुरीसन देस. मंग?"

"अक्का, माशांना?"

"मंग काय कुत्राले टाकसू देवीना रोट? बाहेरनाले चालस नही. मासा घरनाच शेतस ना? गहू मोजाना वखतले त्यासनी बी मूठ लिधी मी."

त्या बाईने गहू मोजताना नवऱ्याची मूठ घेतली, मुलांची घेतली, सुनेची घेतली, आणि मग हॉलमध्ये जाऊन काचेपुढे उभी राहून मासे मोजले होते आणि त्यांच्याही मुठी घेतल्या होत्या. मग ज्याचा वाटा त्याला द्यायलाच हवा. रोज सकाळी, तूप लावून. सूनबाईचं खूळ म्हणून ज्या टँककडे अक्का बघतही नाहीत असं सगळ्या घराला वाटत होतं, तो त्यांनी केव्हाच भाऊबंदांत घेतला होता.

आता गुन्हा उघड झाला आणि खरी अडचण इथून सुरू झाली. नाना उठून उभे राहिले.

"म्हणजे ताई, तुमचं म्हणणं काय? देवीच्या प्रसादाने मासे मेले?"

"नाना, मी तसं..."

"प्रसादाने कोणी मरत नाही." मग रागात शहरी मराठी सोडून ते घरच्या बोलीवर आले. "देवीना प्रसादघाई मासा मरतस का कधी? आम्हनी सात पिढी खाई ऱ्हायनी. हाऊ खेकडाच काढा!"

मला दिसलं, की खेकडा फासावर चढणार. या घरात प्रसाद दोषी ठरणं शक्य नव्हतं, अक्का दोषी ठरणं शक्य नव्हतं आणि सोनल दोषी ठरणं सगळ्यात सोपं होतं. उरला तो बिनओळखीचा, दगडातून आलेला, ज्याची बाजू घ्यायला भाऊबंद नाहीत. अमोनियाची हिरवी नळी दाखवून मी नानांना काय पटवणार होते? ते म्हणाले असते, नळीत बिघाड आहे.

मी अक्कांच्या समोर चटईवर बसले. "अक्का, एक विचारू? घरात तान्हं बाळ असेल तर त्याला रोट देता का?"

"हो तं. घरनं शे ते. त्यानी बी मूठ ऱ्हास."

"अख्खा वाटा चारता?"

अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी बाई आहे यावरच त्यांना शंका आली असावी. "माय वं! तान्हा पोरले रोट चारसू का? मरी जाई ना. बोट लाईसन ओठले लावतस फक्त."

"मग त्याचा वाटा?"

"त्यानी माय खास."

"मग झालं तर," मी म्हटलं. "हे मासे तान्हे आहेत, अक्का. समुद्रातल्या पोटाला गहू-तूप कधी ठाऊक नाही. प्रसाद कसा वाईट असेल? वाटा तुम्ही अख्खा चारलात, एवढंच झालं. बोट लावायचं होतं."

अक्कांच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग त्या उठल्या, गुडघे धरत, आणि काचेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. तीन मासे वर येऊन धापा टाकत होते. मग नानांकडे न वळताच म्हणाल्या, "खेकडाले कोनी हात लावानं नही. चूक मन्ही शे."

नाना बसले. त्या घरात निकाल कोण फिरवतं हे मला त्या दिवशी कळलं, आणि नानांना बहुधा रोजच कळत असावं.

"आनि हाऊ कसा नही मरना?" अक्कांनी खेकड्याकडे बोट दाखवलं.

"तो चाळून खातो, अक्का. जेवढं झेपेल तेवढंच घेतो."

"बठ्ठा घरमा यालेच अक्कल शे मंग," त्या म्हणाल्या. सगळ्या घरात, म्हणजे नानांसकट.

पुढचं काम सांगण्यासारखं नाही, अंगमेहनत होती. निम्मं पाणी बदललं, दगड एकेक करून धुतले, तवंग कागदाने टिपला, कोळशाची पिशवी घातली. सोनल बादल्या उचलत होती. दोन मासे वाचले, एक दुसऱ्या दिवशी गेला. मी जादूगार नाही, टँकवाली आहे. सोमवारी पाहुण्यांची गाडी आली ती रिकामी परत गेली. ढेप भिजवायला त्यांनी दुसरं काही बघितलं असेल.

निघताना सोनल फाटकापर्यंत आली. मी तिला सरळ विचारलं, "तुला माहीत होतं ना?"

"मंगळवारीच बघितलं होतं ताई. सासूबाई ताटली घेऊन टँकपाशी उभ्या होत्या."

"मग फोनवर का नाही बोललीस?"

"बोलले असते तर खेकडा वाचला असता," ती म्हणाली. "मी वाचले नसते."

यावर मी तिला दोन शहाणपणाच्या गोष्टी सुनावणार होते. खरं बोलावं वगैरे. मग मला वरणगावची वही आठवली आणि मी स्कूटरला किक मारली.

काका, दिवाळीत तुम्ही हा अंक घेता आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचता, हे मला ठाऊक आहे. तर त्या दिवशीच्या रकान्यात दुरुस्ती करा. पाय सहाच होते. तुमचं चित्र बरोबर होतं, मापंही बरोबर होती. चूक माझी, आणि नंतर गप्प बसले ती दुसरी चूक, पहिलीपेक्षा मोठी. लाल शाईने लिहिलंत तरी चालेल. अभिप्राय द्यायला उशीर झाला.

यंदा श्रावणात मी पाणी तपासायला पांझरेकाठी गेले, ते नेमकं कानबाईच्या दुसऱ्या दिवशी. टँकमध्ये आता पाच मासे आहेत. खेकडा एकदा कात टाकून मोठा झाला आहे आणि आपल्या दगडावर बसून पंखे हलवत असतो. हॉलमधल्या पंचायतीचा तोच एक सभासद, जो दुसऱ्याला बोलू देतो. नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याचे पाय मोजून दाखवतात, "बघा, सहा. आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं."

अक्का ताटली घेऊन आल्या. तूप न लावलेल्या रोटाचा चुरा, चिमटीत मावेल त्याहूनही कमी. त्यांनी करंगळी त्यात टेकवली, पाण्याला लावली आणि हात जोडले. खेकड्याचा पंखा एकदा उघडला, मिटला.

"यानी बी मूठ लिधी का अक्का, औंदा?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"लिधी ना. पयली त्यानीच. घरना शे तो."

स्वयंपाकघरातून तुपाचा वास येत होता. मी सकाळी जळगावहून निघाले होते आणि पोटात काही नव्हतं. ताटात रोटांची चळत दिसत होती. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, आणि ताट पदराखाली घेतलं.

"सोनल," त्यांनी आत आवाज दिला, "बाईले चहा दे वं. बिस्किटं बी दे. रोट काही देता येवाव नही."

मी चहा प्यायले. काचेपलीकडे तो आपला वाटा चाळून चाळून खात होता, अगदी निवांत.